खारा वारा, तांबडी धूळ आणि बसचा रंग: सिरॅमिक कोटिंग काय राखते, काय राखत नाही

किनारी गोव्यात चालणाऱ्या बसचा रंग आधी छपरावर विटतो आणि तिचा पत्रा आधी खालच्या कडेला सडतो. दोन्ही गोष्टी एकाच गाडीवर घडत असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत. मोटारींच्या शोरूममधून सुरू झालेले सिरॅमिक कोटिंग आता प्रवासी बस, पर्यटकांच्या मिनीबस आणि मोठ्या एसयूव्हींच्या मालकांपर्यंत पोहोचले आहे. ‘गंज धरणार नाही, रंग विटणार नाही, गाडी फारशी धुवावीही लागणार नाही’ अशी तिहेरी ग्वाही ते विकताना अनेकदा दिली जाते. त्यातील पहिली ग्वाही चुकीची आहे, दुसरी मर्यादित अर्थाने खरी आहे आणि तिसरी वस्तुस्थितीच्या उलट आहे.

मोटारीच्या बाबतीत अशी गल्लत झाली तर नुकसान थोडक्यात निभावते. बारा मीटर लांबीच्या बसचा काचा वगळून उरणारा रंगवलेला पृष्ठभाग मात्र सत्तर चौरस मीटरांच्या आसपास भरतो. मोटारीसाठी तीस ते पन्नास मिलिलीटरची एक बाटली पुरते. येथे तशा अनेक बाटल्या आणि कित्येक दिवसांची मजुरी लागते. ज्या मालकाचे सारे उत्पन्न एकाच गाडीवर चालते आणि त्याच गाडीच्या कर्जाचे हप्तेही त्यातूनच फिटतात, त्याने हा खर्च कोणत्या अपेक्षेने करावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पत्र्यावरचे थर

कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारीचा सांगाडा प्रथम फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. त्यानंतर तो प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर एक सलग थर बसवला जातो. ई-कोट या नावाने ओळखला जाणारा हा थर दरवाजांच्या पोकळ्यांत, सांध्यांत आणि दुमडलेल्या कडांतही शिरतो. गंजाला अडवण्याचे मुख्य काम तोच करतो. त्याच्या वर दुसरा प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी अधिक भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो.

बसची गोष्ट निराळी आहे. तयार चासीवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करून त्यावर पत्रे बसवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. सत्तरी तालुक्यातील भुईपाल येथे ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा गेली काही दशके बसबांधणी करत आहे. लहानमोठे बॉडीबिल्डरही हेच काम करतात. एवढा मोठा सांगाडा मोटारीप्रमाणे अखंड हौदात बुडवणे आपल्याकडे सहसा होत नाही. प्रायमर आणि पीयू रंग फवाऱ्याने दिले जातात. फवारा बाहेरून उत्तम बसतो, परंतु नळीच्या आतल्या बाजूला आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत तो पोहोचेलच असे नाही. पुढे अपघात, घासटणे, पुन्हा रंगकाम असे करता करता पाच-सहा वर्षांच्या बसवर कुठे पुट्टीसह जाड थर, तर कुठे जेमतेम झाकणारा रंग अशी स्थिती होते.

अनेक बस आणि ट्रकांच्या केबिन एकेरी रंगाच्या असतात. त्यांवर क्लिअर कोट नसतोच. हे ओळखण्याची साधी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन आडबाजूला हलके घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. अशा रंगावर जोरकस बफिंग केले तर यंत्र प्रत्यक्ष रंगच खरवडून काढते. कोणतेही काम सुरू होण्याआधी जाडी मोजण्याचे छोटे यंत्र लावून निरनिराळ्या ठिकाणची मापे लिहून घ्यावीत आणि ती मालकाला दाखवावीत. असे यंत्रच नसलेल्या ठिकाणी मोठी गाडी देण्यात शहाणपण नाही.

बाटलीत काय असते

सिरॅमिक या शब्दाने मंगळुरी कौल किंवा चिनी मातीची बशी डोळ्यांपुढे येते. येथे भट्टीत भाजलेले काही नसते. द्रावकात विरघळवलेली सिलिकॉनची संयुगे, म्हणजे सिलोक्सेन किंवा सिलाझेन वर्गातील द्रव्ये, बाटलीत असतात. रंगावर पसरल्यावर द्रावक उडून जातो, उरलेली द्रव्ये हवेतील बाष्पाशी संयोग पावतात आणि सिलिकाशी नाते सांगणारे एक घट्ट जाळे तयार होते. त्याची जाडी एखादा मायक्रॉन, फार तर दोन-तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस याहून कितीतरी पटींनी जाड असतो.

इतक्या पातळ थराचे गुणही त्याच्या बेताचेच असायला हवेत, आणि ते तसे आहेत. हा थर रसायनांना दाद देत नाही. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे रंगात मुरायच्या आत धुऊन काढता येतात. पाणी पृष्ठभागावर पसरत नाही, गोल थेंब होऊन घरंगळते आणि आपल्याबरोबर सैल धूळ घेऊन जाते. मेणाचे पॉलिश उन्हाने आणि धुण्याने काही आठवड्यांत उतरते. कोटिंग नीट बसले आणि नीट राखले तर काही वर्षे टिकते. रंगाला सखोल झळाळी येते ती मात्र बव्हंशी कोटिंगपूर्वी केलेल्या पॉलिशची करामत असते.

ऊन अडवण्याबाबतचे दावे सावधपणे ऐकावेत. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये कारखान्यातच मिसळलेली असतात आणि रंगाचे रक्षण प्रामुख्याने ती करतात. एका मायक्रॉनचा थर त्यांना थोडी साथ देतो, त्यांची जागा घेऊ शकत नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहून ज्या छपरावर पांढरी भुकटी सुटू लागली आहे किंवा क्लिअर कोटचे पोपडे निघत आहेत, तेथे कोटिंग लावणे म्हणजे निसटत्या भिंतीला चुना देण्यासारखे आहे. तेथे पुन्हा रंगकामच करावे लागते.

जाहिरातींतील ‘९एच’ हा शब्दही समजून घ्यावा. हा अंक पेन्सिलच्या कसोटीतून येतो. ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबाने धरलेली अमुक इतकी कठीण पेन्सिल थरावर ओढल्यास ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या काठिण्याच्या मोहस मापात हिऱ्याला दहा गुण असतात. त्या मापाशी या नवाचा काहीही संबंध नाही. रस्त्यावरच्या वाळूतील क्वार्ट्झ मोहस मापावर सातचे आहे आणि ते कोटिंगला सहज ओरखडते. मागच्या चाकाने उडवलेला खडा अडवायचा असेल तर त्यासाठी पीपीएफ नावाची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म मिळते. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन असते. बसचा दर्शनी भाग, चाकांच्या कमानी आणि पायऱ्यांच्या कडा एवढ्यापुरती ती लावणे व्यवहार्य ठरते.

गोव्याच्या हवेचे तीन मारे

राज्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पावसाळ्याबाहेरही हवा दमट असते. शुद्ध मिठाचा एक गुण येथे निर्णायक ठरतो: हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून स्वतः पाणी होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेला ओले होते. कांदोळी किंवा कोलव्याला रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर पाऊस न पडताही खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो तो यामुळे. धातूंच्या गंजण्यासाठी हवेचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात क्लोराईडचे प्रमाण आणि पृष्ठभाग ओला राहण्याचा काळ या दोन्हींना म्हणूनच महत्त्व दिले आहे. किनाऱ्यापासून आत गेले की हवेतील मीठ झपाट्याने कमी होते. फोंड्याच्या आणि कळंगुटच्या गाडीला एकच वेळापत्रक लावण्याचे कारण नाही.

दुसरा मारा धुळीचा. खाणपट्ट्यातील तांबड्या धुळीविषयी एक गैरसमज आढळतो. ती लोखंडाची म्हणून रंगात रुतून गंजते, असे मानले जाते. गोव्याचे खनिज मुख्यतः हेमटाईट आहे, म्हणजे ते आधीच लोहाचे ऑक्साईड आहे. त्याला आणखी गंजायचे उरलेले नसते. गंजतात ते ब्रेकमधून उडणारे धातूचे कण. खनिजधुळीचा धोका घर्षणाचा आहे. हेमटाईट मोहस मापावर साडेपाच ते साडेसहापर्यंत जाते. सुक्या फडक्याने ती पुसणे म्हणजे गाडीला पॉलिशकागद लावणे होय. वास्कोत गाड्यांवर बसणारी कोळशाची काळी पूडही हाताने पुसली तर बारीक रेषा उमटवते. दोन्ही ठिकाणी आधी पाणी, मग हात, हा क्रम पाळावा लागतो.

तिसरा मारा झाडांचा आणि पाखरांचा. सावलीसाठी आंब्याखाली किंवा काजूखाली गाडी लावली की देठाचा चीक, काजूच्या बोंडाचा रस आणि विष्ठा यांचा अभिषेक होतो. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या गडद पत्र्यावर हे डाग काही तासांत क्लिअर कोटला चरे पाडतात. सिरॅमिक कोटिंगचा खरा मोबदला मिळतो तो येथे. डाग त्याच दिवशी पाण्याने निघून जातो, रंगावर छाया राहत नाही.

गंज खालून येतो

गोव्यातील जुनी बस जवळून पाहिली तर दोन जागा हमखास फुगलेल्या दिसतात: दरवाजांच्या व डिकीच्या खालच्या कडा आणि रिव्हेटांच्या रांगा. कडांमध्ये चिखल व मीठ साचते, पाणी निचरायची छिद्रे बुजतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. रिव्हेटांपाशी आणखी एक क्रिया चालते. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि मधल्या फटीत खारे पाणी शिरते. दोन भिन्न धातू आणि मिठाचे पाणी एकत्र आले की विजेरीसारखी रचना होऊन एक धातू झिजू लागतो. रंगाखाली पांढरी भुकटी साठते आणि रंग फोडासारखा वर येतो. वरून लावलेल्या कोणत्याही पारदर्शक थराला या दोन्ही ठिकाणी प्रवेश नाही.

त्यामुळे पैसा मर्यादित असेल तर पहिला रुपया खाली जावा. चासी आणि तळपत्रा जोराच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, गंजरोधक प्रायमर द्यावा आणि त्यावर डांबरी किंवा रबरयुक्त तळलेप द्यावा. नळ्यांच्या आणि दारांच्या पोकळ्यांत मेणासारखे पातळ गंजरोधक फवारावे. निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. उत्साही कारागिराने ती तळलेपाने बुजवली तर लेपाचा उपयोग उलटा होतो. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर घाईने डांबर फासणे हा प्रकार सर्रास चालतो. त्याने गंज दिसेनासा होतो, थांबत नाही.

उभ्या गाडीची काळजी वेगळी घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर खाणभागातील असंख्य ट्रक घरांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला उभे राहिले. चालत्या गाडीचे पाणी हलते, वारा लागतो, खालचा भाग वाळतो. उभ्या गाडीत पालापाचोळा कुजतो आणि ओल सुटत नाही. अशा गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधणे सर्वांत घातक, कारण आतली वाफ आतच राहते. वर पत्र्याची शेड आणि चारी बाजू मोकळ्या, ही व्यवस्था कोणत्याही लेपाहून गुणकारी आहे.

मासळीवाहू गाड्यांचे दुखणे तर आणखी तीव्र असते. माळीम, कुटबण किंवा वास्कोच्या खारवीवाड्याच्या जेटीवरून निघालेल्या ट्रकातून बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकत असते. अशा गाडीच्या बाहेरच्या रंगावर सिरॅमिक लावण्यापेक्षा पाण्याचा निचरा नळीने चासीपासून दूर नेणे अधिक फायद्याचे.

काम कधी आणि कसे

कोटिंग बाष्पाशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून दमट हवेत ते फार लवकर आवळते. कारागिराने पुसून घेण्यापूर्वीच थर कडक झाला तर तेलकट दिसणारे उंचवटे राहतात आणि ते पॉलिश करूनच काढावे लागतात. गोव्यात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. तेव्हाही पहाटेचे दव पत्र्यावरून पूर्ण गेलेले असावे आणि पत्रा हाताला गरम लागू नये. पावसाळ्यात करायचेच असेल तर बंदिस्त जागा आणि आर्द्रता काढणारे यंत्र हवे. बस मावेल अशी बंदिस्त, धूळमुक्त जागा किती गॅरेजांकडे असते हे पाहता मालकाने दर विचारण्याआधी जागा पाहिलेली बरी.

रंगकाम नुकतेच झाले असेल तर थांबावे लागते. हवेत वाळणाऱ्या रंगातील द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो. साधारण महिनाभर, किंवा रंगाच्या कंपनीने सांगितलेला काळ जाऊ द्यावा. पासिंगच्या तारखेसाठी घाईने रंगवलेल्या बसवर दुसऱ्याच आठवड्यात कोटिंग चढवले तर द्रावक खाली कोंडतो आणि रंग मऊ राहतो.

तयारीतच अधिक वेळ जातो. आधी धुणे, मग डांबर काढणारे द्रावण, ब्रेकमधले लोहकण विरघळवणारे द्रावण (ते कणांशी लागताच जांभळे होते), मग क्ले नावाच्या चिकणमातीसारख्या गोळ्याने पृष्ठभाग गुळगुळीत करणे, आवश्यक तेवढेच पॉलिश आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलाचा अंश पुसणे. खारा पापुद्रा राहिलेल्या किंवा पॉलिशचे तेल न निघालेल्या रंगावर कोटिंग धरत नाही. त्यानंतर हातभर लांबीरुंदीचे तुकडे पाडून लावणे आणि पुसणे सुरू होते. बसची बाजू लांब असल्याने दोघा कारागिरांनी एका रेषेत पुढे सरकावे, एकाने लावावे आणि दुसऱ्याने पुसावे. दमट दिवशी तुकडा लहान करावा. काम झाल्यावर पहिले बारा ते चोवीस तास पाण्याचा थेंब लागू नये आणि साधारण आठवडाभर शाम्पू वापरू नये.

एक व्यावहारिक बाब बऱ्याचदा राहून जाते. कोटिंग केलेल्या पृष्ठभागावर जाहिरातींचे आणि मार्गांचे स्टिकर नीट चिकटत नाहीत. जेथे स्टिकर येणार ती जागा आधी आखून कोरी ठेवावी किंवा स्टिकर लावून मग त्याच्या कडेपर्यंत काम करावे. छताला आणि पुढच्या भागाला उन्हाचा व किड्यांचा मारा अधिक. संपूर्ण गाडीचा खर्च झेपत नसेल तर तेवढाच भाग करणे हा मधला मार्ग आहे.

धुण्याचे वेळापत्रक

कोटिंगनंतर धुणे सोपे होते, संपत नाही. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीवर आठवड्यातून दोनदा तरी साधे गोडे पाणी मारावे आणि खालून चासीलाही द्यावे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गाडी नेण्यास गोव्यात मनाई आहे, तरी भाड्याच्या जीप लाटांत रुतल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. अशा गाडीचा तळ त्याच दिवशी धुतला गेला पाहिजे, रंगाचे नंतर पाहता येईल. किनाऱ्याजवळच्या ज्या विहिरींना उन्हाळ्यात खारट पाणी लागते ते पाणी गाडीला वापरू नये.

आंघोळीचा किंवा कपड्यांचा साबण, सोडा आणि रॉकेल यांऐवजी पीएच सात असलेला गाडीचा शाम्पू घ्यावा. वरून खाली धुवावे आणि चाकांजवळच्या भागासाठी वेगळा स्पंज ठेवावा, कारण खडी तेथेच असते. भर उन्हात धुऊन गाडी तशीच सोडली तर प्रत्येक गोल थेंब आटताना क्षारांचे कडे मागे ठेवतो. कोटिंग असूनही हे डाग पडतात आणि ग्राहकांच्या तक्रारींत ते वरचे स्थान पटकावतात. ताजे असताना पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ते निघतात, नंतर लगेच स्वच्छ पाणी मारावे लागते. जुने झाले तर पॉलिश आले आणि पॉलिशबरोबर कोटिंगही गेले.

थेंब घरंगळेनासे झाले म्हणजे कोटिंग संपले, असे लगेच समजू नये. बऱ्याचदा वर धूळ आणि तेलाचा थर बसलेला असतो. लोहकण काढणारे द्रावण आणि शाम्पू यांनी धुतल्यावर गुण परत दिसतो. त्यानंतरही पाणी चिकटून राहिले तर थर झिजला आहे.

हमीपत्र घेताना ‘पाच वर्षे’ या शब्दांखालच्या बारीक अक्षरांकडे लक्ष द्यावे. बहुतेक हमींमध्ये ठरावीक मुदतीने त्याच केंद्रात तपासणी करून घेण्याची अट असते आणि गंज, खड्यांचे टवके, पाण्याचे डाग व ओरखडे वगळलेले असतात. व्यावसायिक वापराची वाहनेच वगळणारे कलमही काही हमींत आढळते. बसमालकासाठी ते एकटेच हमी निरर्थक करायला पुरेसे आहे. बिलावर उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, किती थर दिले, गाडीचे कोणते भाग केले आणि कामापूर्वीची जाडीची मापे लिहून घ्यावीत.